जादा एफएसआय दिला, पण त्या बदल्यातली वीस टक्के घरं मोजतंय कोण?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचायला येते, लिहायचा धीर आज केला. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये हिशेबाचं काम बघते, नवरा चाकणला सीएनसीवर आहे. दिघीत अकरा वर्षं भाड्याने काढली. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत तिसऱ्यांदा अर्ज भरला आणि अल्प उत्पन्न गटात नाव लागलं. घर पुनावळ्यात, '२० टक्के सर्वसमावेशक' योजनेतलं. म्हणजे इमारत म्हाडाने बांधलेली नाही. एका खासगी बिल्डरच्या प्रकल्पातली काही घरं म्हाडाच्या सोडतीतून विकली, त्यातलं एक आमचं. किंमत एकोणीस लाख. त्याच कंपाउंडातला टू बीएचके सत्तर लाखांच्या पुढे जातो. देकारपत्र हातात आलं त्या दिवशी सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले.

ताबा घ्यायला गेलो तेव्हा दोन वर्षांचा देखभाल खर्च आगाऊ मागितला, महिना ४२०० रुपयांप्रमाणे. म्हणजे लाखाच्या वर एकरकमी. पार्किंग वेगळं. आमचा हप्ता साडेतेरा हजार, त्यावर हे ४२००. हिशेबाचंच काम करते, त्यामुळे आकडा ऐकताच कळलं की घर परवडत होतं आणि घरात राहणं परवडणार नाही. आमच्या मजल्यावरच्या दोन कुटुंबांनी किल्ली घेऊनही सामान आणलेलं नाही. एकाने घर भाड्याने देऊन स्वतः चिखलीच्या जुन्या खोलीतच राहायचं ठरवलंय.

मग मी नियम वाचायला बसले. ही घरं बिल्डरने उपकार म्हणून दिलेली नाहीत, त्या बदल्यात त्याला महापालिकेच्या परवानगीत जास्तीचं बांधकाम, म्हणजे जादा एफएसआय, मिळालंय. मनात आलं, असे प्रकल्प आपल्या पिंपरी-चिंचवड शहरात किती? जादा बांधकाम किती जणांना मिळालं आणि त्यातून किती घरं सोडतीपर्यंत पोचली? माहिती अधिकारात अर्ज केला. संबंधित कार्यालयाचं उत्तर आलं, 'सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.'

तेव्हा मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. परवडणारी घरं व्हावीत म्हणून सवलती देताना घरं झाली की नाही हे कोण तपासतं? आणि किल्ली मिळाल्यावर ते घर परवडतं राहावं यासाठी महापालिकेला काही करता येतं का?

दुर्गाताई

आधी अभिनंदन गं! तिसऱ्या अर्जात नंबर लागला म्हणजे नशीब चांगलं. आमच्या भाच्याचे सात अर्ज झाले. देखभालीचं मात्र नीट लिही, क्लबहाउस आणि पोहण्याचा तलाव तुमच्यावरही लावलाय का?

इंद्रायणीकाठ

हो ताई, सगळं लावलंय. तलाव त्यांच्या टॉवरच्या पोडियमवर आहे, आमच्या इमारतीतून तिकडे जायला दारही नाही.

नकाशावाला

मी आर्किटेक्ट आहे, नकाशे मंजुरीचं काम करतो. सवलत नेमकी काय आहे ते आकड्यात सांगतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी होईल.

समजा भूखंड ४००० चौरस मीटरचा आहे. दहा लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरात या आकारापासून पुढे नियम लागू होतो. रस्ता, मोकळी जागा यांची वजावट सध्या बाजूला ठेवू. मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १.१० धरला तर ४४०० चौ. मी. बांधकाम. त्याचे २० टक्के म्हणजे ८८० चौ. मी. इतकं क्षेत्र ३० ते ५० चौ. मी.च्या घरांसाठी बांधून द्यायचं. सरासरी ४० धरलं तर २२ घरं. हे ८८० त्याच्या ४४०० मधून कापत नाहीत, वर मिळतात. म्हणजे बिल्डरचं विकाऊ क्षेत्र जसंच्या तसं राहतं. बांधकामाचे पैसेही रेडीरेकनरमधल्या (सरकारी दरपत्रकातल्या) बांधकाम दरावर मिळतात. जमिनीची किंमत तेवढी घरात धरायची नाही. तुम्हाला एकोणीस लाखांत मिळालं ते यामुळे.

माझ्याकडे येणारे बहुतेक ग्राहक पहिल्या बैठकीत विचारतात, 'यातून सुटायचं कसं?' मी हे प्रामाणिकपणे सांगतोय. सगळ्यात सोपी वाट म्हणजे जमिनीच्या गटाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ४००० च्या खाली ठेवणं. भाऊबंदकीतली वाटणी खरी असते तेव्हा कोणाची तक्रार नसावी. पण सगळ्या तुकड्यांवर एकाच नावाचा प्रकल्प, एकच गेट, एकच जाहिरात असते तेव्हा तो एकच भूखंड असतो. अशी दोन कामं मी नाकारली, ती दुसऱ्या कोणी केली.

निवृत्त नगररचनाकार

आपला धागा वाचून समाधान वाटले. या विषयात माझी उमेदीची वर्षे गेली.

थोडी मागची हकीकत सांगतो. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्यात जादा जमीन सरकारजमा होणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात कलम २० खाली सूट देऊन त्या बदल्यात दुर्बल घटकांसाठी घरे बांधून घेण्याची पद्धत पडली. सूट घेतली गेली, घरे पुष्कळ ठिकाणी राहून गेली. राज्याने हा कायदा २००७ च्या अखेरीस मोडीत काढला. त्यानंतर मोठ्या भूखंडावर गरिबांचा काही वाटा असावा, असे सांगणारा नियम जवळजवळ सहा वर्षे नव्हता, आणि नेमकी तीच वर्षे हिंजवडी, वाकड, पुनावळे वाढण्याची होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद आली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही प्राधिकरणे सोडून राज्यभर एकच नियमावली लागू झाली, तीतही ही तरतूद कायम आहे. त्या नियमावलीचे नाव 'एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली' असे आहे. माझ्या उमेदीच्या काळातील बहुतेक नियमावल्यांत फक्त 'नियंत्रण' असे. 'प्रोत्साहन' हा शब्द शीर्षकात आला तेव्हा मला आनंद झाला होता. परंतु आम्ही अधिकारी नियंत्रणाच्या नोंदी ठेवायला शिकलो होतो. इमारतीभोवती सोडायचे सामासिक अंतर अर्धा मीटर कमी पडले तर फाइल अडते. प्रोत्साहनाच्या बदल्यात काय मिळाले, याची नोंदवही आम्हाला कोणी घालून दिली नाही आणि आम्हीही मागितली नाही. आपल्याला मिळालेल्या उत्तराचे मूळ तिथे आहे.

एक महत्त्वाचा मुद्दा. २०१३ च्या तरतुदीतच म्हटले आहे की या छोट्या घरांना भोगवटापत्र (इमारत वापरास योग्य असल्याचा दाखला) मिळाल्याशिवाय उरलेल्या प्रकल्पाला भोगवटापत्र देऊ नये. एवढी एक अट काटेकोर पाळली तरी घरे वेळेत उभी राहतात. मात्र विक्रीच्या इमारतींना टप्प्याटप्प्याने अंशतः भोगवटापत्रे दिली जातात आणि छोट्या घरांची इमारत 'शेवटचा टप्पा' म्हणून दाखवली जाते. शेवटचा टप्पा किती वर्षे शेवटचा राहू शकतो, हे आपण सारे जाणतो.

विटा-वाळू

बिल्डरांची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. मी लहान माणूस आहे, मोशी-चऱ्होली भागात दोन-अडीच हजार मीटरचे प्लॉट करतो, म्हणजे वीस टक्क्यांत येत नाही. पण स्वस्त घर का होत नाही ते रोज बघतो.

एफएसआय ही कागदावरची गोष्ट आहे. तो वापरायचा तर उंच जावं लागतं. उंच गेलं की अग्निशमनाची यंत्रणा, दुसरी लिफ्ट, जास्त स्टील, पार्किंगचा आणखी मजला. बांधकामाचा मीटरमागचा खर्च वाढतो. म्हणून जादा एफएसआयने घर स्वस्त होतं असं नाही, बऱ्याचदा जमीनमालक तोच एफएसआय धरून जमिनीचा भाव चढवतो. रस्ता रुंद होणार अशी नुसती बातमी आली तरी एकरी भाव वाढतो, हे मोशीत डोळ्यांनी पाहिलंय. सवलत घर घेणाऱ्यासाठी काढतात, ती सातबाऱ्यापाशीच संपून जाते.

केंद्राने एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घराला १ टक्का जीएसटी ठेवला. आपल्याकडे ९० चौ. मी. चटईक्षेत्र आणि ४५ लाख किंमत ही मर्यादा. चांगली सवलत आहे, पण ४५ लाखांच्या आत आता आमच्या भागात काय बसतं? वन बीएचके, तोही आतल्या रस्त्याला.

मला विचाराल तर महापालिकेने वेळ द्यावा. प्लॉट घ्यायला कर्ज काढलेलं असतं, परवानगीला जाणारा प्रत्येक महिना व्याजाचा असतो आणि ते व्याज शेवटी ग्राहकाच्या किमतीत जातं. 'छोटी घरं बांधतोस ना, तुझी फाइल अमुक दिवसांत निघेल', एवढा शब्द जरी पाळला तरी मी उद्यापासून ३० ते ४० मीटरची घरं बांधायला तयार आहे. एफएसआयपेक्षा मला त्याची किंमत जास्त.

नकाशावाला

विटा-वाळू, वेळेच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. पण अटीशिवाय दिलेल्या सवलतीचं काय होतं तेही आठवा. जानेवारी २०२१ मध्ये करोनाचं कारण देऊन राज्याने बांधकामावरच्या अधिमूल्यात, म्हणजे जादा बांधकामासाठी भरायच्या रकमेत, वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सूट दिली. बदल्यात ग्राहकाचं मुद्रांक शुल्क विकसकाने भरायचं होतं. घर छोटं असावं, स्वस्त असावं अशी अट नव्हती. त्या वर्षी माझ्या टेबलावरून गेलेल्या फायलींमध्ये थ्री आणि फोर बीएचकेच जास्त होते. अधिमूल्य हा महापालिकेच्या उत्पन्नाचा मोठा भाग असतो, त्यातून नाले आणि जलवाहिन्या होतात. तो अर्धा सोडला आणि पुनावळ्याच्या या ताईंसारख्यांच्या हाती त्यातलं काही आलं नाही.

निवृत्त नगररचनाकार

अगदी बरोबर. जादा एफएसआय 'फुकट देता येतो' असा समज आहे, तोही सोडावा लागेल. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येते. मंजूर होणारा प्रत्येक मजला त्याच पाण्यात वाटेकरी होतो. महापालिका रोख रक्कम देत नाही, पण नागरिकांच्या वाट्याचे पाणी, रस्ता, शाळेतील जागा देते. म्हणून बदल्यात काय आले याचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे.

लालबागची लेक

मी मुंबईची, पण विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहिते. आमचे बाबा गिरणीत विणकर होते. जानेवारी १९८२ चा संप लागला तेव्हा मी दुसरीत होते.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम होता. गिरणीमालकाला जमीन विकसित करायची तर तिचे साधारण तीन वाटे करायचे, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. बाबा आणि त्यांचे मित्र चाळीच्या गच्चीवर बसून म्हाडाच्या या वाट्याचे हिशेब करायचे. कोणत्या गिरणीतून किती एकर येणार हे त्यांना तोंडपाठ होतं. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीची करायची असं ठरलं. गिरणीच्या आवारात मोकळं असतं किती? शेड, गोदामं आणि चिमणी उभी असते त्या जागेचा प्रश्नच उरला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये बदललेला नियम कायम झाला. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, संप लागून तीस वर्षं झाल्यावर. बाबा त्याआधीच गेले. आईचा अर्ज अजून आहे.

इंद्रायणीकाठ, तुम्ही नियमाचा शब्द न् शब्द वाचताय हे फार बरं करताय. आमचा घास एका शब्दात गेला.

दुर्गाताई

लालबागची लेक, वाचून गलबलून आलं. आईंना नमस्कार सांगा.

सोसायटीचा सचिव

देखभालीच्या मुद्द्यावर येतो. सांगवीत दोनशे सदनिकांच्या सोसायटीचं काम नऊ वर्षं करतोय.

आधी बघा की तुमच्याकडे सहकारी सोसायटी होणार आहे की १९७० च्या कायद्याखालचं अपार्टमेंट. दोन्हींत वाटणी वेगळी असते. सोसायटीत सुरक्षारक्षक, सफाई, कार्यालय यांचं सेवा शुल्क प्रत्येक सदनिकेला सारखं. एप्रिल २००० चा शासन आदेश आहे तसा. पाणी नळांच्या संख्येवर, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या प्रमाणात. अपार्टमेंटमध्ये खर्च अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटतात, म्हणजे ३८ मीटरवाल्याला कमी आणि ११० मीटरवाल्याला जास्त.

सारखी वाटणी साध्या सोसायटीत न्यायाचीच आहे, कारण रखवालदार सगळ्यांसाठी सारखाच जागतो. पण तलाव, जिम आणि थिएटर असलेल्या प्रकल्पात तीच वाटणी छोट्या घरावर कोसळते. मोठ्या घराने स्वखुशीने घेतलेल्या चैनीचा तेवढाच खर्च सोडतीत घर मिळालेल्या माणसाने का भरायचा?

यावर उपाय आहे आणि तो परवानगीच्या वेळीच करावा लागतो. नकाशा मंजूर करतानाच या घरांच्या इमारतीला वेगळी सोसायटी, वेगळं पाण्याचं मीटर, वेगळा वीजजोड आणि बाहेरच्या रस्त्यावर स्वतःचा रस्ता अशी अट घालता येते. मग तिथले लोक स्वतःचा खर्च स्वतः ठरवतात. आमच्या ओळखीच्या एका अशा इमारतीत महिना १२०० रुपयांत सगळं बसतं.

विटा-वाळू

सचिवसाहेब, वेगळी इमारत, वेगळं गेट केलं की लोक म्हणतात गरिबांना वेगळं काढलं. एकत्र ठेवलं की देखभाल झेपत नाही. आम्ही काय करावं?

इंद्रायणीकाठ

विटा-वाळूदादा, तुमचा प्रश्न खरा आहे, मी त्यावर दोन रात्री विचार केला. मला वेगळं गेट चालेल. माझ्या मुलीला तलावात पोहायला मिळालं नाही तरी चालेल. पण बागेत आणि खेळायच्या जागेत तिला अडवू नये, कारण ती मोकळी जागा पूर्ण भूखंडाची म्हणून मंजूर झालीय, आमच्या बावीस-पंचवीस घरांचाही हिस्सा धरून. चैनीचा खर्च वेगळा आणि हक्काची जागा एक, असं करता येईल ना?

व्हिएन्नाहून

मी मूळचा चिंचवडचा, सात वर्षं व्हिएन्नात आहे. विटा-वाळू यांनी जमिनीच्या भावाचं लिहिलं म्हणून एवढंच सांगतो. इथे २०१९ पासून मोठ्या नव्या निवासी जमिनींवर दोन तृतीयांश घरं अनुदानित असावीत अशी वेगळी श्रेणी आहे आणि त्या घरांसाठीच्या जमिनीची किंमत बांधकामाच्या चौरस मीटरमागे १८८ युरोपर्यंतच धरता येते. म्हणजे बांधकाम वाढवून दिलं तरी जमीनमालकाला भाव चढवायला वाव कमी राहतो. अर्थात या शहराला स्वतः घरं बांधायची आणि भाड्याने द्यायची शंभर वर्षांची सवय आहे, तशी यंत्रणा आपल्याकडे नाही. तरी जमिनीच्या भावाला हात लावल्याशिवाय बाकीच्या सवलती टिकत नाहीत हे इथे राहून पटलं.

सातपूरकर

नाशिकहून. आमच्याकडेही दहा लाखांच्या वरची वस्ती, हाच नियम, हीच रड. मी अंबडला नोकरीला आहे, सोडतीत दोनदा अर्ज भरला. महापालिकेने परवानगी दिली की म्हाडाला कळवायचं, म्हाडाने सोडत काढायची आणि बिल्डरने घर द्यायचं, अशी तीन टोकं आहेत. मधला निरोप पोचला नाही की घर कोणाच्याच वहीत नसतं. माझं मागणं साधं आहे. बांधकामाच्या जागेवर जो फलक लावतात, परवानगी क्रमांक आणि क्षेत्रफळाचा, त्यावरच मोठ्या अक्षरात लिहावं, 'या प्रकल्पात सर्वसमावेशक योजनेची इतकी घरे.' येणारा-जाणारा वाचेल आणि विचारेल.

निवृत्त नगररचनाकार

सातपूरकर, उत्तम सूचना. अशी अट परवानगीपत्रात एका ओळीत घालता येते.

आणखी एक, चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी आणि रावेत मिळून महापालिकेने प्रधानमंत्री आवास योजनेत ३६६४ सदनिकांचे नियोजन केले होते. रावेतचा प्रकल्प जागेच्या वादात अडकला. तरीही त्या सदनिका किती, कोठे, कोणत्या टप्प्यावर हे नागरिकांना ठाऊक होते, वर्तमानपत्रे विचारत होती, महासभेत प्रश्न येत होते. कारण आकडा जाहीर होता. वीस टक्क्यांच्या घरांचा आकडाच जाहीर नसल्याने त्यांच्यासाठी कोणी भांडत नाही.

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांत झालेलं सांगते.

आमच्या इमारतीतल्या सतरा कुटुंबांनी मिळून बिल्डरच्या कार्यालयात निवेदन दिलं. सचिवदादांनी सांगितलेली वाटणी छापून सोबत जोडली. तीन बैठका झाल्या. तलाव, जिम आणि क्लबहाउसचा खर्च आमच्याकडून घेणार नाहीत असं लेखी दिलंय, महिना १८५० वर आलंय आणि आगाऊ रक्कम एकाच वर्षाची. वेगळ्या सोसायटीचं अजून अडलंय. बागेचं कुलूप काढलंय. सामान न आणलेल्या दोघांपैकी एक कुटुंब या रविवारी येतंय.

माहिती अधिकाराचा नवा अर्जही केला. 'संकलित माहिती' मागायची नाही, फायली पाहायला मागायच्या असं इथूनच एकांनी व्यक्तिगत निरोपात सुचवलं. ४००० चौ. मी.च्या वरच्या भूखंडांच्या मागच्या पाच वर्षांतल्या फायली पाहायची परवानगी आलीय, पुढच्या मंगळवारी दुपारी. संकलन आम्हीच करू, वही आखून ठेवलीय. नकाशावाले दादा, फायलीत नेमकं कुठे बघायचं ते सांगाल का?

नकाशावाला

मंजूर नकाशाच्या पहिल्या पानावर उजव्या बाजूला क्षेत्रफळाचा तक्ता असतो, त्याला प्रोफॉर्मा एक म्हणतात. त्यात भूखंडाचं एकूण क्षेत्र, मूळ एफएसआय आणि सर्वसमावेशक घरांचं क्षेत्र यांच्या ओळी शोधा. मग परवानगीपत्राच्या अटी वाचा, म्हाडाला कळवल्याची प्रत फाइलला लावलीय का ते बघा आणि प्रत्येक अंशतः भोगवटापत्राची तारीख लिहून घ्या. एकाच गटाचे तुकडे दिसले तर शेजारच्या फाइलचा क्रमांकही टिपा. दुपारी मी मोकळा आहे, येतो सोबत.

दुर्गाताई

मीही येते. डोळ्यांना लांबचं दिसत नाही, पण अक्षर चांगलं आहे माझं. वही मी लिहीन.